सम-विषम की एकी-बेकी? : डेटाबेसमधील एका पृच्छेचा विचार

ज्या संख्येस दोनाने निःशेष भाग जातो ती सम आणि जात नाही ती विषम, ही व्याख्या प्राथमिक शाळेत पाठ होते. पुढे तिच्याकडे पुन्हा वळण्याचे प्रयोजन सहसा पडत नाही. डेटाबेसमधून सम किंवा विषम क्रमांकाच्या नोंदी निवडून काढणे हाही असाच आरंभीच्या पाठांतला एक पाठ समजला जातो. परंतु भाषेच्या आणि छंदाच्या अभ्यासकाला या पाठाची गरज वारंवार लागते, आणि त्याचे निष्कर्ष पुष्कळदा याच निवडीवर उभे असतात. म्हणून ही निवड नेमकी काय करते, आणि कोणत्या परिस्थितीत ती न बोलता चुकते, याचा थोडा बारकाईने विचार करण्याचे येथे योजिले आहे.

उदाहरण म्हणून अनुष्टुभ् छंद घेऊ. या छंदाच्या प्रत्येक चरणात आठ अक्षरे असतात. सामान्य नियम असा की, पाचवे अक्षर सर्व चरणांत लघू, सहावे गुरू, आणि सातवे मात्र विषम चरणांत, म्हणजे पहिल्या व तिसऱ्या चरणात, गुरू व सम चरणांत लघू असते. छंदःशास्त्राने चरणांची जी सम आणि विषम अशी विभागणी केली आहे, ती केवळ मोजणीची सोय नाही. या दोन प्रकारच्या चरणांचा घाटच वेगळा आहे. समजा, आपण 'चरण' नावाची एक सारणी केली. तीत ग्रंथातील प्रत्येक चरणाची एक नोंद आहे. 'श्लोक' या स्तंभात श्लोकाचा क्रमांक, 'पाद' या स्तंभात १ ते ४ पैकी एक अंक आणि 'लगक्रम' या स्तंभात त्या चरणातील लघुगुरूंची मांडणी 'ल' आणि 'ग' या अक्षरांनी लिहिलेली आहे. आता सम चरण हवे असल्यास पृच्छा अशी होईल :

सिलेक्ट * फ्रॉम चरण व्हेअर पाद % २ = ०

(यंत्रापुढे हे शब्द अर्थातच रोमन लिपीत लिहावे लागतात, येथे वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दिले आहेत.) मधले चिन्ह शेकड्याचे नसून भागाकारातील शेष दाखविणारे आहे. पाद या संख्येस दोनाने भागून शेष शून्य राहतो अशाच नोंदी निवडा, असा त्याचा अर्थ. हे चिन्ह सर्वत्र चालत नाही. ओरॅकलमध्ये त्याऐवजी 'मॉड(पाद, २)' असे लिहावे लागते, एसक्यूएल सर्व्हरमध्ये उलट केवळ चिन्हच चालते, आणि मायएसक्यूएल व पोस्टग्रेएसक्यूएल यांत दोन्ही रूपे मान्य आहेत. हा भेद लेखनाचा आहे, अर्थाचा नाही; म्हणून त्यात अधिक वेळ घालविण्याचे कारण नाही.

अर्थाचा भेद विषम संख्यांच्या पृच्छेत उत्पन्न होतो. ही पृच्छा दोन रीतींनी लिहिलेली आढळते. कोणी 'पाद % २ = १' असे लिहितो, कोणी 'पाद % २ <> ०' असे लिहितो. पहिली म्हणते, शेष एक आहे. दुसरी म्हणते, शेष शून्य नाही. बहुसंख्य पाठ्यपुस्तकांतून या दोन्ही एकमेकींच्या जागी खुशाल वापरल्या जातात. मौज अशी की, मराठी भाषेने या दोन पृच्छांना फार पूर्वीच दोन निरनिराळी नावे देऊन ठेविली आहेत. मुठीत चिंचोके धरून मुले 'एकी की बेकी' असे विचारतात. तेथे जोड्या लावून झाल्यावर एक उरला तर एकी. हे नाव जे उरले त्यावरून पडले. ते विधायक आहे. 'विषम' हा शब्द मात्र 'सम' या शब्दास 'वि' हा उपसर्ग लागून, आणि सकाराचा षकार होऊन, सिद्ध झाला आहे. जे सम नाही ते विषम, एवढेच तो सांगतो. काय उरले याविषयी तो मौन पाळतो. पहिली पृच्छा एकीची आहे आणि दुसरी विषमाची. मुठीतल्या चिंचोक्यांपुरते दोहोंचे उत्तर एकच येते, कारण चिंचोके उणे असत नाहीत.

परंतु अभ्यासकाच्या सारणीत उणे संख्या येतात. छंदाच्या अभ्यासात चरणाचा शेवट हा सुरुवातीपेक्षा अधिक नियमबद्ध असतो. त्यामुळे आठ अक्षरी आणि अकरा अक्षरी चरणांची तुलना करावयाची असता अक्षरे शेवटून मोजणे सोयीचे पडते. अखेरचे अक्षर -१, उपान्त्य -२, त्याआधीचे -३, अशी ही गणना असते. शब्दसंदर्भसूचीतही मध्यवर्ती शब्दाच्या डावीकडील शब्दांस असेच उणे स्थानांक देतात. आता 'अक्षर' नावाच्या अशा सारणीस कोणी 'स्थान % २ = १' असे विचारले, तर एकही नोंद हाती येत नाही. यंत्र कसलीही तक्रार करीत नाही. ते केवळ रिकामी यादी पुढे ठेवते. संशोधक जर ही संख्या एखाद्या मोठ्या बेरजेत मिळवीत असेल, तर शून्य मिळविल्याचे त्याच्या लक्षातही यावयाचे नाही.

याचे कारण भागाकाराच्या व्याख्येत आहे. -३ ला २ ने भागावयाचे, तर भागाकार -१ धरून शेष -१ म्हणता येतो, किंवा भागाकार -२ धरून शेष १ म्हणता येतो. ताळा दोहोंचाही बरोबर जुळतो : २ × (-१) + (-१) आणि २ × (-२) + १, दोन्ही -३ च होतात. पोस्टग्रेएसक्यूएल, मायएसक्यूएल, ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूलाइट हे सर्व पहिला मार्ग घेतात. त्यांच्या लेखी शेषाचे चिन्ह भाज्याच्या चिन्हाप्रमाणे असते. पायथन आणि आर या भाषा दुसरा मार्ग घेतात. तेव्हा एकच सारणी, एकच अट. पण डेटाबेसमध्ये विचारली तर उत्तर शून्य आणि तीच माहिती बाहेर काढून पायथनमध्ये विचारली तर पुरेपूर, असा प्रकार घडतो. यांपैकी एकासही चूक म्हणता येत नाही. चूक प्रश्नकर्त्याची असते. त्याला विचारावयाचे असते विषमाविषयी आणि तो विचारून बसतो एकीविषयी. 'शेष शून्य नाही' असे विचारल्यास दोन्हीकडे एकच उत्तर मिळते. संख्येच्या द्विमान रूपातील शेवटचा अंक पाहणारी 'स्थान & १ = १' अशी तिसरीही एक रीत काही ठिकाणी वापरतात. उणे पूर्णांक यंत्रात ज्या पद्धतीने साठविले जातात तिच्यामुळे ही रीत येथे फसत नाही. परंतु वाचणाऱ्यास ती दुर्बोध वाटते आणि संशोधनाच्या कामात पृच्छा दुसऱ्याला वाचता येणे हेही महत्त्वाचे आहे.

येथवर असे वाटेल की, विषम म्हणजे 'सम नाही ते', एवढे ध्यानात ठेविले की काम भागले. तसे नाही. 'नाही' या शब्दालाही दोन अर्थ आहेत, आणि त्यांचा विवेक आपल्या वैयाकरणांनी व मीमांसकांनी पर्युदास आणि प्रसज्यप्रतिषेध या संज्ञांनी केलेला आहे. पर्युदासात निषेध नामाशी जोडलेला असतो आणि त्याने निषिद्ध वस्तूहून भिन्न, पण तिच्याच जातीची वस्तू सुचविली जाते. महाभाष्यात यासाठी 'अब्राह्मण' शब्दाची चर्चा आहे : अशा मनुष्यास आणावयास सांगितले असता ऐकणारा दुसऱ्या कोणा मनुष्यास आणतो, मातीचे ढेकूळ आणून आपले काम झाले असे समजत नाही. प्रसज्यप्रतिषेधात मात्र नुसता नकार असतो. नाकारलेल्याच्या जागी काय, याचा निर्देश त्यात नसतो. विषम संख्या म्हणताना आपणांस अभिप्रेत असतो तो पर्युदास. समाहून वेगळी, परंतु पूर्णांकच असलेली संख्या आपणांस हवी असते. काही छापील ग्रंथांत साडेबारावा श्लोक असा क्रम आढळतो. तो कोणी १२.५ म्हणून नोंदविला आणि त्या स्तंभावर 'शेष शून्य नाही' ही अट लाविली, तर पोस्टग्रेएसक्यूएल व मायएसक्यूएल यांत शेष ०.५ येऊन तो श्लोक विषमांत जमा होतो. हे ढेकूळच होय.

याहून मोठे ढेकूळ म्हणजे अज्ञात मूल्य. सुभाषितसंग्रहांतून आणि टीकाग्रंथांतून उद्धृत केलेले सुटे चरण मिळतात. मूळ श्लोकात तो चरण पहिला होता की चौथा, हे कळावयास मार्ग नसतो. अशा नोंदीत पाद हा स्तंभ रिकामा ठेवतात, त्यास 'नल' म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे; मूल्य ठाऊक नाही, एवढाच त्याचा अर्थ. नलास दोनाने भागले तर शेषही नल, आणि नल शून्याबरोबर आहे काय या प्रश्नाचे उत्तर होय नाही आणि नाही पण नाही. ते 'अनिश्चित' असते. 'व्हेअर' हा शब्द फक्त 'होय' असे उत्तर आलेल्याच नोंदी पुढे जाऊ देतो. म्हणून असे सुटे चरण समांच्या यादीत येत नाहीत आणि विषमांच्याही यादीत येत नाहीत. समजा, सारणीत दहा हजार चरण आहेत आणि त्यांपैकी चारशेंचे स्थान अज्ञात आहे. तर सम व विषम यांची बेरीज नऊ हजार सहाशेच भरेल. मध्यम पक्ष असू शकत नाही हा तर्कशास्त्राचा नियम येथे लागू पडत नाही, कारण येथे विधाने दोनमूल्यी नसून तीनमूल्यी आहेत.

हे निदान बेरीज करून पाहिली असता उघडकीस येते. पुढील रीत मात्र अधिक धोक्याची आहे :

केस व्हेन पाद % २ = ० देन 'सम' एल्स 'विषम' एंड

चरणांस नावे देण्यासाठी ही रचना फार वापरतात. येथील 'एल्स' हा शुद्ध प्रसज्यप्रतिषेध आहे. सम असल्याचे जे सिद्ध झाले नाही ते सर्व त्यात पडते, आणि अज्ञात स्थानाचे चारशे चरण मुकाट्याने विषम ठरतात. आता बेरीज दहा हजार बिनचूक भरते. म्हणून संशय घेण्यासही जागा राहत नाही. आणि निष्कर्षाची हानी काय होते ते पाहा. त्या चारशेंपैकी जे वस्तुतः सम चरण आहेत त्यांचे सातवे अक्षर लघू असणार. ते विषमांत गेल्यामुळे ग्रंथकर्ता विषम चरणांतील नियम वारंवार मोडतो, असा भास उत्पन्न होतो. ग्रंथाच्या काळाविषयी व कर्तृत्वाविषयी जे अनुमान छंदाच्या आधारे करितात, ते अशाच प्रमाणांवर केलेले असते. म्हणून तीन शाखा स्पष्ट लिहाव्यात : शेष शून्य तर सम, शेष शून्य नाही तर विषम, आणि उरलेले 'अज्ञात'.

नियमभंग शोधण्याची पृच्छा अशी लिहिता येईल :

सिलेक्ट काउंट(*) फ्रॉम चरण व्हेअर पाद % २ <> ० अँड सबस्ट्रिंग(लगक्रम, ७, १) = 'ल'

विषम चरणांपैकी ज्यांचे सातवे अक्षर लघू आहे त्यांची ही गणना. हिने न-विपुला व भ-विपुला सापडतील. म-विपुला आणि र-विपुला यांत सातवे अक्षर गुरूच असल्यामुळे त्या निसटतील व त्यांसाठी पाचवे आणि सहावे अक्षर तपासावे लागेल. पण तो छंदाचा विषय झाला. आपला प्रश्न 'पाद' या स्तंभाविषयी आहे. पुष्कळ सारण्यांत हा स्तंभ नसतोच. असतो तो केवळ नोंदींचा अनुक्रमांक. एक, दोन, तीन, चार असे चरण एकापुढे एक नोंदविले असल्यास विषम अनुक्रमांक म्हणजे विषम चरण असे मानावयास हरकत कोणती?

हरकत भगवद्गीतेच्या पहिल्याच श्लोकाशी दिसते. त्याच्या आधी धृतराष्ट्राच्या नावाची 'उवाच' अशी ओळ आहे. नोंदणाऱ्याने ती स्वतंत्र नोंद म्हणून घेतली, तर तिला १ हा क्रमांक मिळतो आणि पहिल्या श्लोकाचे चरण २ ते ५ होतात. म्हणजे पहिला व तिसरा चरण सम क्रमांकावर जातात. पुढे संजयाच्या नावाची तशीच ओळ सहावी होते, दुसऱ्या श्लोकाचे चरण ७ पासून लागतात आणि विभागणी पुन्हा सुरळीत होते. एका उवाचाने उलटायचे आणि दुसऱ्याने सुलटायचे, असा हा खेळ ग्रंथभर चालतो. सहा चरणांचा श्लोक मध्ये आल्याने बिघाड होत नाही, कारण सहा ही संख्या सम आहे; अर्धश्लोकानेही होत नाही. परंतु हस्तलिखितातील एखादा चरण त्रुटित असून त्याची नोंदच केली नसेल, तर तेथून पुढील सर्व चरण आपापली बाजू सोडतात. पुणे येथील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेऊन १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे जे संगणकीय पाठ प्रचारात आहेत, त्यांत ही अडचण मुळातच टाळलेली आहे. तेथे प्रत्येक ओळीस पर्व, अध्याय व श्लोक यांचे अंक देऊन शेवटी रोमन अक्षराने श्लोकातील स्थान दाखविलेले असते. स्थान हे ज्या त्या श्लोकापुरते मोजलेले असल्यामुळे एका जागची चूक दुसऱ्या जागी पोहोचत नाही.

यंत्राने आपोआप दिलेल्या क्रमांकांचा तर यापेक्षाही कमी भरवसा धरावा. नोंदी पुसल्या जातात, त्यांचे क्रमांक रिकामे राहतात, आणि मग सम क्रमांकाच्या नोंदी म्हणजे एकाआड एक नोंदी असे राहत नाही. एकाआड एकच हव्या असतील तर 'रो-नंबर' या फलनाने नव्याने क्रम लावून त्यावर सम-विषमाची कसोटी लावावी. आणि तेथेही क्रम कशावरून लावावयाचा ते सांगावे लागते, कारण ई. एफ. कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या प्रतिमानात सारणी म्हणजे संच होय, आणि संचाला पहिला-दुसरा नसतो. बोलींच्या पाहणीत नमुना घेण्यासाठीही विद्यार्थी विषम क्रमांकाचे निवेदक निवडतात. पाहणी करणाऱ्याने प्रत्येक घरात आधी पुरुषाची व मग स्त्रीची मुलाखत घेतली असेल, तर ही निवड केवळ पुरुषांची होईल, आणि बोलीचे म्हणून जे वैशिष्ट्य सांगितले जाईल ते त्या बोलीच्या अर्ध्याच भाषकांचे असेल.

उलटपक्षी, क्रमांकाच्या सम-विषमत्वात पूर्ण अर्थ भरलेला आहे असेही एक उदाहरण छंदःशास्त्रातच आहे. म, य, र, स, त, ज, भ, न हे आठ गण या परंपरागत क्रमाने एका सारणीत १ ते ८ असे लिहा आणि सम क्रमांकाचे मागा. य, स, ज, न असे उत्तर येईल. या चारही गणांचे पहिले अक्षर लघू आहे. उरलेल्या चारांचे, म्हणजे म, र, त, भ यांचे, गुरू. हा योगायोग नव्हे. पिंगलाच्या ग्रंथाच्या आठव्या अध्यायात 'नष्ट' नावाची जी रीत आहे ती अशी : प्रस्तारातील क्रमांक सम असेल तर लघू लिहून त्याचे अर्ध करावे, विषम असेल तर गुरू लिहून, एक मिळवून मग अर्ध करावे, आणि हवी तितकी अक्षरे मिळेपर्यंत असेच पुढे जावे. सहावा गण कोणता? सहा सम, म्हणून लघू. अर्ध तीन, विषम, म्हणून गुरू. एक मिळवून अर्ध दोन, सम, म्हणून लघू. ल-ग-ल, म्हणजे ज-गण. क्रमांक येथे गणाला चिकटविलेला नसून त्याच्या घडणीतून निघालेला आहे. तरीही सावध राहिले पाहिजे : आजचे आज्ञावलीकार मोजणी शून्यापासून करितात, आणि म-गणास शून्य हा क्रमांक दिला की सम-विषमांचे अर्थ नेमके उलटे होतात.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे, कारण ती मराठीत काम करणारांनाच भेडसावते. आपण श्लोकांचे व पृष्ठांचे अंक देवनागरीत लिहितो, आणि पुष्कळदा तसेच सारणीत भरतो. यंत्राच्या दृष्टीने ते अंक नसून अक्षरे असतात. पोस्टग्रेएसक्यूएलला '१३' या अक्षरांची संख्या करावयास सांगितले तर ते स्पष्ट नकार देते. मायएसक्यूएल व एसक्यूलाइट मात्र तसे करीत नाहीत. त्यांना आरंभी ओळखीचा अंक न दिसल्यामुळे ते त्याचे मूल्य शून्य धरतात, पहिले फार तर एक इशारा नोंदवून. शून्य ही सम संख्या. परिणामी देवनागरी अंकांतला सारा ग्रंथ सम ठरतो आणि विषमांची यादी रिकामी येते. पायथन हेच अंक विनातक्रार वाचते, त्यामुळे गोंधळात भर पडते. उपाय सोपा आहे : क्रमांकाचा स्तंभ पूर्णांकाचाच ठेवावा, भरतेवेळी देवनागरी अंकांचे रूपांतर करून घ्यावे (पोस्टग्रेएसक्यूएल व ओरॅकल यांत 'ट्रान्सलेट' या फलनाने ते एका आज्ञेत होते, मायएसक्यूएलमध्ये 'रिप्लेस' दहा वेळा योजावे लागते), आणि देवनागरी रूप केवळ छपाईच्या वेळी द्यावे. मूळ पोथीत अंक कसा लिहिला आहे तेच जतन करावयाचे असेल तर त्यासाठी दुसरा स्तंभ ठेवावा, आणि त्या स्तंभावर सम-विषमाची पृच्छा कधीही लावू नये.